चार वाजताचा श्रोता

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली होती आणि आत एक मुलगी आहे, एवढंच त्याला खालच्या पहारेकऱ्याने सांगितलं. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची दहा वर्षं गेली होती. अडकलेल्या माणसांचे दोनच प्रकार त्याने पाहिले होते. काही दार बडवतात, तर काही फोन करून सगळ्या नातेवाइकांना गोळा करतात. ही तिसऱ्याच प्रकारची निघाली. दाराच्या फटीला तोंड लावून त्याने घाबरू नका असं सांगितलं, तर आतून शांत आवाज आला.

"घाबरले नाहीये. किती वेळ लागेल तेवढं सांगा. माझ्याकडे चौदा मिनिटं आहेत."

"चौदा मिनिटांनी काय होणार आहे?"

"चार वाजणार आहेत."

चार तर रोजच वाजतात, असं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्या आवाजाची चेष्टा करावीशी वाटेना. तो धावत गच्चीवर गेला. तिथल्या यंत्रखोलीत त्याने वीज बंद केली, एका हाताने ब्रेकचा दांडा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने मोठं चाक फिरवत लिफ्ट इंच इंच करत पाचव्या मजल्याला आणली. मग धापा टाकत खाली येऊन किल्लीने दार उघडलं.

ती खाली मांडी घालून बसली होती. बाहेरच्या भुरभुर पावसाने केस ओले झालेले, कानामागे पेन्सिल खोचलेली, मांडीवर कापडी पिशवी. पिशवी जुन्या कॅसेटींनी भरलेली होती. हातातल्या एका कॅसेटवरचं बारीक अक्षर ती डोळ्यांजवळ नेऊन वाचत होती. दार उघडल्यावर तिने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तीन मिनिटं उरली," ती म्हणाली आणि पळाली. समोरच्याच घराच्या दारात पोचल्यावर मात्र वळली. "तुमचे आभार मानायचेत... पण पाचनंतर. थांबाल?"

त्याला दुसऱ्या इमारतीत जायचं होतं. तो थांबला.

दार अर्धवट उघडंच राहिलं होतं. आतून गाणं यायला लागलं. वाद्य एकही नाही, नुसत्या बायका टाळ्या वाजवत गात होत्या, आणि भाषा अशी की एक शब्द कळेना. तरी गाणं काम करताना म्हणायचं आहे हे त्याला कळलं. काहीतरी जड ओढताना माणसं असंच गातात. तो जिन्याच्या पायरीवर बसला, हत्यारं पुसली, मग पुसलेली हत्यारं पुन्हा पुसली.

पाच वाजता तिने चहा दिला आणि चहाबरोबर सगळी हकिगतही. हे घर तिच्या काकांचं. काकू एका मोठ्या हॉटेलात टेलिफोनवर काम करायच्या. तिथे देशोदेशीचे लोक उतरायचे, आणि काकू प्रत्येकाला सांगायच्या, पुढच्या वेळी याल तेव्हा तुमच्या गावचं एक गाणं घेऊन या. लोक खरंच आणायचे. तीस वर्षांत एक अख्खी खोली भरली. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या गेल्यावर काका त्या खोलीत पाऊल टाकेनात, तेव्हा पुतणीनेच तिथे दोन टेबलं लावली, एक माईक आणला आणि इंटरनेटवर रेडिओ सुरू केला. नाव ठेवलं 'सगळीकडचं'. दिवसभर संगणक आपला आपण गाणी लावायचा. एक दंतवैद्य दर आठवड्याला ढोलांचा कार्यक्रम करून पाठवायचे, एक निवृत्त शिक्षिका अंगाई गीतांचा. सकाळी चष्म्याच्या दुकानातली नोकरी करून ती दुपारी इथे यायची, आणि चार ते पाच स्वतः माईकसमोर बसायची.

"आणि ऐकतं कोण?" त्याने विचारलं. विचारून झाल्यावर जीभ चावली.

तिला राग आला नाही. तिने पडद्याच्या कोपऱ्यातला एक लहानसा आकडा दाखवला. त्या क्षणी किती जण ऐकतायत हे तिथे दिसायचं. कधी चार, कधी अकरा, एकदा तर एकोणतीस झाले होते. "पण चार वाजता एक जण असतोच. बाकी कोणी असो नसो. वर्ष झालं. मी नमस्कार म्हणते तेव्हा तो आलेला असतो, आणि पाचला मी निघाले की जातो. पाऊस असो, सुट्टी असो, एक दिवस चुकवलेला नाही."

हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला, की त्या न पाहिलेल्या माणसाचा त्याला तिथल्या तिथे राग आला.

लिफ्टची तपासणी महिन्यातून एकदा करायची असते. या इमारतीची लिफ्ट मात्र त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा तपासली जाऊ लागली. पहारेकऱ्याने एकदा खवचटपणे विचारलंही, की लिफ्ट इतकी आजारी असेल तर जिन्यानेच गेलेलं बरं नाही का. घरी आईच्याही नजरेतून काही सुटलं नव्हतं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो, असं ती एका मंगळवारी म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. उत्तराची तिने वाटही पाहिली नाही.

ज्या दिवशी त्या इमारतीत जाणं जमत नसे, त्या दिवशी तो चार वाजता दुसऱ्या कुठल्यातरी गच्चीवर यंत्रखोलीच्या सावलीत बसून फोनवर तिचा कार्यक्रम लावायचा. बर्फातले मेंढपाळ नुसत्या घशातून आवाज काढत एकमेकांना हाका मारतात, हे त्याला तिथे कळलं. एका तारेच्या वाद्यावर म्हातारा माणूस तासभर गोष्ट सांगू शकतो, हेही. ती फार बोलायची नाही. गाणं कुणी आणलं, काकूंना ते देताना तो प्रवासी काय म्हणाला, एवढंच सांगायची. आणि सुरुवात ठरलेली असायची. "नमस्कार. आलात ना? आलात. चला मग."

एक दिवस ती मधेच अडखळली. "आज दोघं दिसताय," ती म्हणाली. "दुसरे जे कोणी आहेत... त्यांनी उन्हात बसू नये."

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेजारी कोणी नाही ना, हे त्याने मान वळवून पाहिलं. गच्चीवर कबुतरंच होती.

पुढच्या भेटीत त्याने विचारलं, की तुम्हाला कसं कळलं. ती कॅसेटच्या फितीचा गुंता पेन्सिलीने सोडवत होती. वर न बघता म्हणाली, "ज्या दिवशी तुम्ही इथे नसता त्याच दिवशी दोन होतात. एवढं गणित मला येतं."

"मग त्या एकाला वाईट वाटलं असेल."

"का?"

"इतके दिवस तुम्ही त्याच्या एकट्याशी बोलत होतात."

"तो मनाने मोठा आहे," ती म्हणाली. "तुमच्यासारखा नाही." आणि गुंता सुटल्यासारखी हसली, पण तो अजून सुटलेला नव्हता.

असे तीन महिने गेले. हातात हात आला नव्हता, कोणी कोणाला काही म्हणालं नव्हतं. फक्त एकदा हेडफोन देताना तिची बोटं त्याच्या कानापाशी जरा जास्त वेळ राहिली होती... आणि त्याने तो आठवडाभर कोणाचं बोलणं नीट ऐकलं नव्हतं.

मग तो बुधवार आला. मागच्या खोलीतल्या प्लगमधून कधीकधी ठिणगी उडते, जरा बघाल का, असं तिने त्याला सांगितलं. तिथे काकांचा जुना संगणक होता. त्यात काकूंचे फोटो आहेत असं घरात सगळे धरून चालायचे, म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. काका त्या वेळी शेजारच्या खोलीत झोपलेले असत. दुपारच्या गोळीने त्यांना साडेतीनला जी झोप लागायची ती पाच वाजेपर्यंत. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. गाणं चालू होतं. त्याने प्लग काढला, आतली सैल तार पाहिली. तेवढ्यात तिने दार सरकवलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तो गेला," ती म्हणाली. "पहिल्यांदाच गेला. शून्य झालंय."

काहीतरी काम असेल, येईल, असं त्याने समजावलं. तार घट्ट केली, प्लग लावला. संगणक घरघरत पुन्हा चालू झाला. मिनिटभराने पलीकडून तिचा सुटकेचा आवाज आला. "आला. आला परत."

तो प्लगकडे बघत उभा राहिला. मग खाली वाकून पाहिलं. संगणकावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवली होती : 'रोज ४ ते ५. बंद करू नये.' पडद्यावर कार्यक्रमाचं नाव होतं आणि शेजारी लाल ठिपका. संगणक कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवत होता. आणि रेकॉर्ड करण्यासाठी तो बाहेरच्या कुठल्याही माणसासारखाच इंटरनेटवरून रेडिओ लावत होता, चारला यायचा, पाचला जायचा.

वर्षभर ती ज्याला रोज नमस्कार म्हणत होती, तो हा डबा होता.

खात्री करून घ्यायला त्याने पुढच्या सोमवारी प्लग पुन्हा अर्धा मिनिट काढला. दाराच्या फटीतून दिसणारा आकडा पुन्हा शून्य झाला. आता शंका उरली नाही. त्याने सांगायचं ठरवलं, तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी तीच बोलली. तिला एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं होतं. दुसऱ्या शहरात नोकरी होती, लोकांच्या मनःस्थितीप्रमाणे गाण्यांच्या याद्या करायच्या. काकूंच्या संग्रहाबद्दल कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"मग?" त्याने विचारलं.

"मोठी संधी आहे, सगळे म्हणतात. पण त्या एकाला असं मधेच टाकून कसं जायचं? त्याने काय समजायचं?"

तो मूग गिळून बसला. एक दिवस गेला, मग आठवडा, मग तीन आठवडे. सांगितलं तर ती जाईल. नाही सांगितलं तर ती थांबेल, पण एका डब्यासाठी थांबेल, आणि ते फक्त त्याला माहीत असेल. त्याच्या धंद्यात एक नियम होता. लिफ्टमधला दोष एकदा कळला, की दारावर 'बंद आहे' अशी पाटी लावायचीच. लोक कितीही ओरडोत, आपल्याला जिने चढावे लागोत, दोष माहीत असताना माणसं आत चढू द्यायची नाहीत. ही पाटी त्याने आजवर कधी चुकवली नव्हती. आता रोज चुकवत होता. रात्रीचं जेवण जाईना. आई ताटाकडे बघायची आणि काही बोलायची नाही, ते जास्त लागायचं.

शेवटी गुरुवारी चारला पाच मिनिटं असताना तो तिच्या टेबलासमोर उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना तो तिच्याकडे नाही, माईककडे बघत होता.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काढा प्लग."

"आधी कार्यक्रम तरी..."

"काढा म्हणते ना."

त्याने काढला. चार वाजले. ती माईकपाशी वाकली. "नमस्कार," ती म्हणाली, आणि पुढचं नेहमीचं वाक्य तिला म्हणता आलं नाही. कोपऱ्यात शून्य होतं. तिने पहिलं हाताला आलं ते गाणं लावलं, नऊ मिनिटांचं, नावाड्यांचं, आणि माईक बंद केला.

"कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे," ती म्हणाली. "मी त्या डब्याला शुभेच्छा दिल्या. त्याची तब्येत विचारली. आणि तुम्ही इथे बसून चहा पीत होतात."

तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडत नव्हती. अख्ख्या वर्षातला एकेक दिवस ती मनात परत फिरवून बघत होती, हे त्याला दिसत होतं, आणि प्रत्येक दिवशी समोर कोणीच नव्हतं.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार वाजलं. काका आले. अंगावर बनियन, एका पायात सपात, केस विस्कटलेले. त्या दिवशी गोळी घ्यायचीच राहिली होती.

"माझा संगणक कोणी बंद केला?"

लिफ्टवाल्याने हात पाठीमागे घेतले.

"आजचं गेलं ना माझं," काका म्हणाले. "उद्या सकाळी मी काय ऐकू?"

तिने सावकाश मान वर केली. "सकाळी?"

मग ते थोडं थोडं करून बाहेर आलं. काका रोज सहाला उठायचे. आदल्या दिवशीचा कार्यक्रम कानाला लावून मागच्या बाल्कनीत दाढी करायचे, झाडांना पाणी घालायचे, आणि तो संपेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. दुपारी ती गोळी जागं राहू देत नाही म्हणून त्यांनी हे यंत्र लावून घेतलं होतं. एकही दिवस चुकवला नव्हता. ती येते तोपर्यंत हेडफोन कपाटात परत गेलेला असायचा.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी गाणी लावली असतीस," काका म्हणाले. "तुझ्या काकूच्या आवडीची. रोज तीच सात-आठ. मला बरं वाटावं म्हणून." त्यांनी विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. "मला तिच्या आवडीची नको होती. ती माझी पाठ आहेत. तिने घेऊन नुसती ठेवून दिली, ऐकायला वेळच मिळाला नाही, ती ऐकायची होती. तू ती लावतेस."

एवढं बोलून त्यांना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं आणि राग काढायला माणूस सापडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर आलं. तुला लिफ्टपुरतं बोलावलं होतं, घरातले प्लग काढायला नव्हे, असं त्यांनी त्याला सुनावलं. मग स्वतः आत जाऊन प्लग लावला, संगणक चालू झाल्याची खात्री केली आणि दार ओढून घेतलं.

कोपऱ्यातला आकडा एक झाला.

ती हसायला लागली. हसता हसता तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, आणि मग ते परत पुसावे लागले. त्याच्याही जिवात जीव आला. तीन आठवड्यांत प्रथमच त्याला नीट श्वास घेता आला. तो खुर्चीवर बसला, विचारल्याशिवाय.

"उठा," ती म्हणाली. "तुमचा हिशेब राहिलाय. तीन आठवडे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गेला असतात."

"मग आज का सांगितलंत?"

"उद्या शुक्रवार आहे." तो उठून उभा राहिला. "तुम्ही थांबावं असं मला वाटतं... फार वाटतं. पण फसवून नाही. जायचं असेल तर सगळं माहीत असून जा. सामान मी खाली नेईन. लिफ्टने."

नावाडी गात होते. तिने घड्याळाकडे एक नजर टाकली.

"गाण्याचं दीड मिनिट राहिलंय, म्हणून लवकर सांगते. त्या कंपनीला मी सोमवारीच नाही म्हणून कळवलं."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "त्या... एकासाठी?"

"वर्षभरात ज्याने एक शब्द पाठवला नाही त्याच्यासाठी? एवढी वेडी वाटते का मी? तो बोलायला बरा होता. लोकांना सांगायलाही बरा. श्रोत्यासाठी थांबते म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही." तिने कानामागची पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. "पत्रात मी 'वैयक्तिक कारण' असं लिहिलं. ते कारण आठवड्यातून दोनदा येतं. लिफ्टमध्ये काही बिघाड नसताना."

दहा वर्षं तो अडकलेल्या माणसांना घाबरू नका असं सांगत आला होता. आज त्याला ते सांगणारं कोणी नव्हतं.

"चाळीस सेकंद," ती म्हणाली. "मला माईक चालू करावा लागेल. तुम्हाला काही म्हणायचं असलं तर..."

"मी रोज येऊ?" तो म्हणाला. "कारण न काढता?"

"ये," ती म्हणाली.

तिने हात पुढे केला. तो खिडकीतून येणाऱ्या पावसाळी हवेने गार पडला होता, आणि तिच्या बोटांना पेन्सिलीची काजळी लागली होती. त्याने तो दोन्ही हातांत धरला. नावाडी काठाला लागले. गाणं संपलं. पुढचं गाणं लावायचं होतं, माईकवर काहीतरी बोलायचं होतं, आणि दोघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. 'सगळीकडचं'वर त्या दुपारी एकोणीस सेकंद काहीच वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत अर्ध्या गालाला साबण लावलेला असताना काकांच्या कानात ते एकोणीस सेकंद आले. यंत्र बिघडलं असं आधी त्यांना वाटलं. त्यांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग सगळा कार्यक्रम संपेपर्यंत ते झाडांना पाणी घालत राहिले, आणि संपल्यावर पुतणीला फोन करून एवढंच म्हणाले, की कालचं चांगलं झालं, आणि त्या मुलाला आज माझ्यासमोर चहाला बसव.